देणगी मागण्याचा हिशेब

स्वयंसेवी संस्थेला देणगी देणाऱ्याच्या मनात एक प्रश्न हमखास असतो: मी दिलेल्या शंभर रुपयांपैकी गरजू माणसापर्यंत किती पोचतात? प्रश्न रास्त आहे. कष्टाच्या कमाईतून दिलेला पैसा कार्यालयाच्या भाड्यात, छापील पत्रकांत आणि देणग्या गोळा करणाऱ्यांच्या पगारात विरून जावा, असे कोणालाच वाटत नाही. म्हणून संस्था पारखण्याची सर्वांत सोपी कसोटी म्हणून खर्चाची टक्केवारी पुढे येते. ‘आमचा प्रशासकीय खर्च फक्त पाच टक्के’ असे वाक्य माहितीपत्रकावर ठळक छापले जाते आणि ते वाचून देणगीदार निर्धास्त होतो. हे निर्धास्त होणे धोक्याचे आहे, असे माझे म्हणणे आहे. निधी उभारण्यावर किती टक्के खर्च झाला, या एका आकड्यावरून संस्थेचा प्रामाणिकपणा कळत नाही आणि तिचे कामही कळत नाही. तो आकडा पाहावा, पण तिथून चौकशीला सुरुवात करावी. खरी पारख तीन गोष्टींची करावी लागते: पैसे मागताना संस्थेने काय सांगितले, ते कसे मागितले, आणि अशा मागण्यातून ती कोणाच्या आधारावर उभी राहिली.

हा आकडा काढण्याची रीत साधी आहे. वर्षभरात देणग्या मिळवण्यासाठी झालेल्या खर्चाला मिळालेल्या देणग्यांनी भागायचे. दहा लाखांच्या देणग्यांसाठी दोन लाख खर्च झाले असतील, तर रुपयामागे वीस पैसे खर्च पडला. अमेरिकेतील ‘बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स’ या परीक्षण संस्थेच्या निकषांनुसार निधी उभारणीचा खर्च त्यातून मिळालेल्या देणग्यांच्या ३५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा आणि एकूण खर्चातला किमान ६५ टक्के भाग प्रत्यक्ष कार्यक्रमांवर झालेला असावा. भारतात परदेशी देणग्यांच्या कायद्यात, म्हणजे एफसीआरएमध्ये, २०२० साली दुरुस्ती झाली आणि प्रशासकीय खर्चाची कमाल मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. मात्र प्रशासकीय खर्च आणि निधी उभारणीचा खर्च या दोन वेगळ्या बाबी आहेत आणि आपल्याकडे त्यांची सरमिसळ फार होते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली न्यासांना ज्या ठरावीक नमुन्यात जमाखर्च सादर करावा लागतो, त्यात आस्थापना खर्च, लेखापरीक्षणाची फी, न्यासाच्या उद्दिष्टांवरचा खर्च अशी सदरे आहेत. निधी उभारणीचे वेगळे सदर नाही. म्हणजे हा खर्च कुठल्या सदरात बसवायचा, हे संस्था आणि तिचा हिशेबनीस ठरवतो. एकाने तो आस्थापनेत धरला आणि दुसऱ्याने उद्दिष्टांवरच्या खर्चात, तर दोघांच्या टक्केवाऱ्या शेजारी ठेवून काढलेला निष्कर्ष पोकळ ठरतो.

हिशेब काटेकोर ठेवला, तरी आकड्याचा अर्थ संस्थेगणिक बदलतो. एखाद्या जुन्या संस्थेला मृत्युपत्रातून पन्नास लाख मिळाले, तर त्या वर्षी तिचा निधी उभारणीचा खर्च जवळजवळ शून्य दिसेल. शेजारच्या नव्या संस्थेने एक हजार माणसांकडून प्रत्येकी पाचशे रुपये गोळा केले आणि त्यासाठी दीड लाख खर्च केले, तर तिचा खर्च ३० टक्के निघेल. पहिली संस्था कार्यक्षम आणि दुसरी उधळी असे म्हणता येईल का? पहिलीला त्या वर्षी नशिबाची साथ मिळाली, दुसरीने हजार माणसे जोडली. निधिसंकलनाचे अमेरिकी अभ्यासक जेम्स ग्रीनफील्ड यांनी वेगवेगळ्या मार्गांच्या खर्चाचे जे अंदाज मांडले आणि जे पुढे त्या क्षेत्रात वारंवार वापरले गेले, त्यांत हीच गोष्ट दिसते. टपालाने पत्रे पाठवून नवे देणगीदार मिळवायला डॉलरमागे एक डॉलर किंवा थोडा जास्तच खर्च येतो. त्याच देणगीदारांकडून पुढच्या वर्षी पुन्हा देणगी मिळवायला सुमारे वीस-पंचवीस सेंट. आणि मोठ्या देणगीदारांच्या बाबतीत याहूनही कमी. नवा देणगीदार पहिल्या वर्षी बहुधा तोट्याचाच असतो. तो टिकला, तरच खर्च वसूल होतो. अमेरिकेतल्या पाहण्यांत निम्म्याहून कमी देणगीदार पुढच्या वर्षी त्याच संस्थेला पुन्हा देणगी देताना आढळतात. त्यामुळे ‘या वर्षी किती टक्के’ यापेक्षा ‘गेल्या तीन-पाच वर्षांत किती देणगीदार टिकले’ हा प्रश्न जास्त बोलका आहे.

स्वयंसेवकांच्या वेळेचाही विचार करावा लागतो, कारण तो सहसा जमाखर्चात येत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी चालवलेला पैसा फंड आठवावा. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून स्वदेशी उद्योग उभा राहावा, अशी ती कल्पना होती. लोकमान्य टिळकांचा तिला पाठिंबा होता आणि त्याच निधीतून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना सुरू झाला. घरोघर जाऊन एकेक पैसा गोळा करणाऱ्यांच्या श्रमाची किंमत लावली, तर निधी उभारण्याची ही पद्धत अत्यंत महाग ठरेल. एखाद्या धनिकाकडून एकरकमी धनादेश घेणे कितीतरी स्वस्त पडले असते. पण त्या धनादेशाबरोबर हजारो घरांतली आपलेपणाची भावना आली नसती. टक्केवारीच्या गणितात या लाभाला जागाच नाही.

आणखी गंभीर गोष्ट अशी की हा आकडा सजवता येतो. २०१५ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने सर्व ५० राज्यांना सोबत घेऊन कॅन्सर फंड ऑफ अमेरिका आणि तिच्याशी निगडित तीन संस्थांवर खटला भरला. कर्करुग्णांच्या नावाने २००८ ते २०१२ या काळात १८ कोटी ७० लाख डॉलरहून अधिक रक्कम गोळा झाली होती. त्यातला मोठा वाटा पैसे घेऊन निधी गोळा करणाऱ्या कंपन्यांकडे आणि संस्थाचालकांच्या आप्तमित्रांकडे गेला, असा आरोप होता. कंपन्यांचा हिस्सा तर बऱ्याचदा ८५ टक्के किंवा त्याहून जास्त असे. तरीही कागदोपत्री चित्र बरे दिसत होते. वस्तुरूपाने मिळालेल्या आणि परदेशी पाठवलेल्या मदतीची किंमत म्हणून २२ कोटी डॉलरहून अधिक रक्कम हिशेबात दाखवलेली होती, आणि आयोगाच्या म्हणण्याप्रमाणे हा दाखला खोटा होता. भाजकातली देणग्यांची रक्कम अशी फुगली की खर्चाची टक्केवारी आपोआप खाली येते. खटल्याअखेर या संस्था बंद झाल्या. दुसरी युक्ती कायद्यात बसणारी आहे. देणगीचे आवाहन आणि आरोग्याचा संदेश एकाच पत्रकात छापायचा आणि छपाईचा काही खर्च ‘जनजागृती’च्या नावे टाकायचा. काही वेळा तो संदेश खरोखर मोलाचा असतो, काही वेळा फक्त नावापुरता. टक्केवारी पाहून हा फरक कळत नाही. पत्रक हातात घेऊन वाचावे लागते.

लबाडांना टक्केवारीचा अडथळा होत नाही, आणि प्रामाणिकांना मात्र तिचा जाच होतो. २००९ साली ‘स्टॅनफर्ड सोशल इनोव्हेशन रिव्ह्यू’मध्ये अॅन गॉगिन्स ग्रेगरी आणि डॉन हॉवर्ड यांनी या जाचाचे दुष्टचक्र उलगडून दाखवले. देणगीदार अवास्तव कमी खर्चाची अपेक्षा धरतात. संस्था ती पुरी करण्यासाठी संगणक, प्रशिक्षण, हिशेबनीस, मूल्यमापन यांवर काटछाट करतात, उरलेला खर्चही कमी करून दाखवतात. ते आकडे पाहून देणगीदारांची अपेक्षा आणखी घट्ट होते. २०१३ साली गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या तीन संस्थांनी, म्हणजे स्वतः असे आकडे प्रसिद्ध करणाऱ्यांनीच, अमेरिकेतल्या देणगीदारांना खुले पत्र लिहून केवळ वरखर्चाच्या, म्हणजे प्रशासन आणि निधी उभारणी मिळून होणाऱ्या खर्चाच्या, टक्केवारीवर संस्था जोखू नका, असे सांगितले. पुढच्याच वर्षी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ४० हजार लोकांना देणगीची पत्रे गेली होती आणि त्यांतल्या एका गटाला कळवले होते की वरखर्च एका मोठ्या देणगीदाराने आधीच भरला आहे. नुसते आवाहन केलेल्या गटाच्या तुलनेत या गटातून जवळजवळ तिप्पट रक्कम जमा झाली. म्हणजे वरखर्चाचा तिटकारा खरा आहे आणि तो देणाऱ्याचा हात आखडतो. आपल्याकडेही कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या, म्हणजे सीएसआरच्या, नियमांतली पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या व्यवस्थापन खर्चापुरती असताना तीच काटछाट अनेकदा संस्थेच्याही माथी मारली जाते. हिशेबनीस नेमायला पैसे द्यायचे नाहीत आणि हिशेब मात्र चोख मागायचा, ही अपेक्षा न्याय्य नाही.

मग पारख कशाची करायची? पहिली कसोटी सत्याची. या बाबतीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांची मालिका विचार करण्याजोगी आहे. १९८०, १९८४ आणि १९८८ या तीन निकालांत न्यायालयाने देणगी गोळा करण्याच्या खर्चावर टक्केवारीची बंधने घालणारे कायदे रद्द केले. त्यामागचे एक कारण असे की जास्त खर्च हा आपोआप लबाडीचा पुरावा ठरत नाही. नव्या किंवा लोकांना न रुचणाऱ्या विषयावर काम करणाऱ्या संस्थेला देणगी मिळवायला जास्त पैसे लागतातच. पण २००३ साली इलिनॉय राज्याचा खटला आला. व्हिएतनाम युद्धातल्या माजी सैनिकांच्या एका संस्थेसाठी फोनवरून देणग्या गोळा करणाऱ्या कंपनीने डॉलरमागे ८५ सेंट स्वतःकडे ठेवले होते आणि फोनवर मात्र देणगीचा बराच मोठा भाग सैनिकांसाठी वापरला जाईल, असे सांगितल्याचा आरोप होता. या वेळी न्यायालयाने एकमताने सांगितले की असा फसवणुकीचा खटला राज्याला चालवता येईल. चारही निकाल एकत्र वाचले, तर नियम स्पष्ट होतो: खर्च जास्त असणे हा गुन्हा नाही, त्याबद्दल खोटे बोलणे हा गुन्हा आहे. आपल्या व्यवहारातही हाच नियम लावावा. शाळेच्या इमारतीसाठी मागितलेला पैसा इमारतीलाच लागला का? ‘एका मुलाचे वर्षाचे शिक्षण’ म्हणून सांगितलेली रक्कम खऱ्या खर्चावरून काढली आहे, की आवाहनाला शोभेल अशी बेतली आहे? ऑनलाइन आवाहनात मंचाचे शुल्क कापले जात असेल, तर ते देणगीदाराला आधी दिसते का? आयकरातली ८०जी सवलत कामाच्या दर्जाचे प्रमाणपत्र असल्यासारखी तर मिरवली जात नाही ना? ही सवलत कराशी संबंधित आहे. संस्थेचे काम चांगले असल्याची हमी ती देत नाही.

दुसरी कसोटी मागण्याच्या रीतीची. ब्रिटनमध्ये २०१५ साली ब्रिस्टल शहरातल्या ९२ वर्षांच्या एका दानशूर वृद्धेच्या मृत्यूनंतर तिच्या घरी येणाऱ्या देणगीपत्रांच्या ओघाची देशभर चर्चा झाली. तिच्या मृत्यूला संस्था जबाबदार नाहीत, असे तिच्या कुटुंबीयांनी सांगितले; तरी चौकशीतून पुढे आलेले चित्र अस्वस्थ करणारे होते. ९९ संस्थांकडे तिचे नाव-पत्ता होता, वर्षाला येणाऱ्या पत्रांची संख्या अंदाजे तीन हजारांपर्यंत गेली होती, आणि अनेक संस्थांनी तिचा तपशील तिसऱ्याच कोणाकडून मिळवलेला होता. प्रत्येक संस्थेने स्वतःपुरता हिशेब केला असता, तर एकेक पत्र स्वस्त आणि किफायतशीर ठरले असते. सगळ्यांची मिळून झालेली पीडा मात्र कोणाच्याच ताळेबंदात नव्हती. त्यानंतर २०१६ साली ‘फंडरेझिंग रेग्युलेटर’ ही नवी नियामक संस्था आली, आणि २०१७ साली ‘या संस्थेने मला पुन्हा संपर्क करू नये’ असे कळवण्याची सोय नागरिकांना मिळाली. भारतात २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आहे. पण त्याच्या अंमलबजावणीची वाट न पाहताही संस्थेने स्वतःला विचारावे: देणगीदाराचा फोन नंबर आपण कुठून मिळवला, आणि त्याने ‘नको’ म्हटले की आपण थांबतो का? निधी गोळा करणाऱ्याला टक्केवारीवर पैसे देणेही याच कारणाने घातक आहे. अमेरिकेतील निधिसंकलकांची व्यावसायिक संघटना आपल्या आचारसंहितेत या प्रथेला मनाई करते, कारण कमिशनवर काम करणाऱ्याला संस्थेच्या नावापेक्षा आजची पावती मोठी वाटू लागते.

मागण्याच्या रीतीत जिच्यासाठी मागतो त्या व्यक्तीची प्रतिष्ठाही येते. रडवेल्या, अर्धवस्त्र मुलाचा फोटो पैसे मिळवून देतो. त्याची किंमत ते मूल मोजते, कारण तो फोटो त्याच्या गावात, शाळेत, पुढच्या आयुष्यात त्याच्या मागे येतो. २०१५च्या बाल न्याय कायद्याच्या ७४व्या कलमाने काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकांची ओळख उघड करायला मनाई केली आहे. मोठ्यांच्या बाबतीत असे कलम नसले, तरी त्यामागचे तत्त्व त्यांनाही लागू पडते. बरे झालेला कुष्ठरुग्ण, घर सोडून आलेली स्त्री किंवा कर्जबाजारी शेतकऱ्याची विधवा यांनी फोटोला दिलेली संमती मदत मिळण्याच्या बदल्यात दिलेली असेल, तर ती मोकळी संमती मानता येत नाही. ज्या आवाहनात लाभार्थी केवळ दयेचा विषय होतो, ते आवाहन कितीही स्वस्त पडले, तरी चांगले म्हणता येणार नाही.

तिसरी कसोटी आधाराची. १८९४ साली स्थापन झालेल्या नाताळ इंडियन काँग्रेसची हकीकत गांधीजींनी आत्मकथेत दिली आहे. दरमहा वर्गणी गोळा करण्याचा खटाटोप पेलेना, म्हणून त्यांनी वर्गणी वार्षिक केली. रक्कम कितीही लहान असो, तिची पावती द्यायची हा दंडक ठेवला. पुढे सार्वजनिक संस्थांच्या अनुभवातून ते अशा मताला आले की कायम निधीच्या व्याजावर जगणाऱ्या संस्थेत नैतिक घसरणीचे बीज असते. दर वर्षी वर्गणी मागावी लागणे हीच तिच्या लोकप्रियतेची आणि व्यवहाराची परीक्षा. या मताशी पूर्ण सहमत होणे अवघड आहे. रुग्णालयाला किंवा वसतिगृहाला काही राखीव निधी हवाच, नाहीतर एका वाईट वर्षात मुलांना घरी पाठवावे लागेल. पण त्यातला मुद्दा अचूक आहे: पैसा कुठून येतो, यावर संस्था कोणाचे ऐकते हे ठरते. रयत शिक्षण संस्थेसाठी कर्मवीर भाऊराव पाटलांनी घराघरांतून मूठमूठ धान्य गोळा करण्याची मुष्टिफंडाची रीत रुजवली, तेव्हा गावाने शाळेला धान्य दिले आणि शाळेकडे हक्काने पाहायलाही सुरुवात केली. याउलट सगळा भार एकाच परदेशी निधीवर किंवा एकाच कंपनीच्या सीएसआरवर असलेल्या संस्थेचा निधी उभारणीचा खर्च अगदी कमी दिसतो आणि तो एक आधार हलला की काम थांबते. एफसीआरएमधल्या २०२० च्या दुरुस्तीने परदेशी निधी एका संस्थेने दुसरीकडे वळवण्यास बंदी घातली, तेव्हा मोठ्या संस्थांमार्फत मदत मिळवणाऱ्या छोट्या संस्थांपुढे नेमकी हीच अडचण उभी राहिली.

यावर पहिला आक्षेप असा येईल की टक्केवारी सोडली, तर उधळ्यांना आयतीच सबब मिळेल. आक्षेपात तथ्य आहे, म्हणूनच टक्केवारी टाकून द्या असे मी म्हणत नाही. थर्मामीटर ताप आहे एवढेच सांगतो, आजार कोणता ते सांगत नाही. या आकड्याचेही तसेच आहे. सलग काही वर्षे रुपयातले साठ-सत्तर पैसे देणगी मिळवण्यातच जात असतील, तर संस्थेने स्पष्टीकरण दिले पाहिजे आणि ते पटले नाही तर देणगी थांबवणे योग्यच. पण ‘आमचा खर्च शून्य’ म्हणणाऱ्या संस्थेलाही तितक्याच काटेकोरपणे विचारावे. तो खर्च कोणी उचलला, की तो दुसऱ्या सदरात गेला? कधी उत्तर स्वच्छ असते. ‘लोकसत्ता’च्या ‘सर्वकार्येषु सर्वदा’ उपक्रमात वृत्तपत्र संस्थांची ओळख वाचकांपुढे मांडते आणि वाचक देणग्या पाठवतात. तिथे प्रसिद्धीचा भार वृत्तपत्र उचलते आणि हे सर्वांना उघड दिसते. खर्च नाहीसा झालेला नाही, तो दुसऱ्याने जाहीरपणे केला आहे. एवढा उघडेपणा असला की शंकेला जागा राहत नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा. पाचशे रुपये देणाऱ्या माणसाने ताळेबंद, पत्रके आणि आचारसंहिता वाचत बसायचे का? नाही. पण चार प्रश्न एका फोनवर विचारता येतात. गेल्या वर्षीचा लेखापरीक्षित जमाखर्च आणि वार्षिक अहवाल मिळेल का? निधी उभारायला किती खर्च आला आणि गोळा करणाऱ्याला पगार आहे की कमिशन? मी ज्या कामासाठी देतो, त्यासाठी आधीच पुरेसे पैसे जमले असतील, तर माझ्या पैशाचे काय करता? आणि पुन्हा फोन करू नका म्हटले, तर चालेल का? उत्तरांच्या तपशिलाइतकाच ती देण्याचा मोकळेपणा महत्त्वाचा. तिसरा आक्षेप छोट्या संस्थांचा: आदिवासी पाड्यावर दोन-तीन कार्यकर्त्यांनी चालवलेल्या संस्थेला एवढी कागदपत्रे कशी जमणार? तिला चकचकीत अहवालाची गरज नाही. मिळालेली रक्कम, झालेला खर्च, राहिलेले काम आणि फसलेला प्रयत्न एका पानावर खरेपणाने लिहिला, तरी तिन्ही कसोट्यांना ती उतरते. या कसोट्या छोट्या संस्थेला टक्केवारीपेक्षा जास्त न्याय देतात, कारण तिची टक्केवारी एका मोठ्या देणगीनेही खालीवर होते.

देणगी मागणे हे कमीपणाचे काम नाही आणि त्यावर खर्च होणे हे पाप नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळा, वसतिगृहे, रुग्णालये आणि ग्रंथालये कोणीतरी दारोदार जाऊन मागितले म्हणूनच उभी आहेत. त्या मागण्याची प्रतिष्ठा टिकवायची असेल, तर दोन्ही बाजूंनी बदलावे लागेल. संस्थांनी निधी उभारणीचा खर्च आस्थापनेत किंवा जनजागृतीत न दडवता वेगळ्या सदरात मांडावा आणि तो का झाला हे लिहावे. तसे सदर सरकारने न्यासांच्या जमाखर्चाच्या नमुन्यातच घातले, तर सगळ्यांच्या आकड्यांना निदान एकच अर्थ राहील. आणि देणगीदारांनी रास्त खर्चाचा वाटा उचलण्याची तयारी ठेवावी, सांगितलेल्या शब्दाला जागण्याचा आग्रह मात्र तसूभरही सोडू नये. सर्वांत कमी खर्चाची संस्था शोधणाऱ्याला फार तर एक लहान आकडा सापडेल. आपल्या पैशातून काम घडावे असे ज्याला वाटते, त्याने खरे सांगणारी, मानाने मागणारी आणि अनेकांच्या आधारावर उभी असलेली संस्था शोधावी, आणि सापडली की तिला पुढच्या वर्षीही आठवणीने द्यावे.